मशरूम ‘औषधी’ आहे म्हणजे नेमकं काय? भाजी, गोळी आणि कॅप्सूल यांतला फरक

समजा, सोलापुरातलं एक घर आहे. वडिलांना दहा वर्षांपासून मधुमेह. सकाळी गोळी, रात्री गोळी, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. एका संध्याकाळी ओळखीतले काका येतात आणि पिशवीतून एक डबी काढून समोर ठेवतात. “रेशी मशरूमच्या कॅप्सूल आहेत. शंभर टक्के नैसर्गिक. तीन महिने घ्या, इंग्रजी गोळ्या आपोआप सुटतील.” डबीची किंमत महिन्याच्या किराण्याच्या जवळपास जाणारी. वडिलांना गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो. आईला आशा वाटते. मुलगा मोबाईलवर शोधायला बसतो, तर एक व्हिडिओ सांगतो की मशरूमने कर्करोगसुद्धा बरा होतो आणि दुसरा सांगतो की हे सगळं थोतांड आहे.

ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. मशरूमच्या नात्यातल्या बुरशींनी वैद्यकशास्त्राला काही फार मोठी औषधं दिली आहेत. मशरूम खाण्याचे फायदेही खरे आहेत. पण ‘औषधी गुण असणं’ आणि ‘औषध असणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला नाही, तर नुकसान नुसतं पैशांचं होत नाही. चालू असलेली गोळी बंद केली, तर ते जिवावरही बेतू शकतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

मशरूम म्हणजे काय?

मशरूमला मराठीत अळिंबी किंवा आळंबी म्हणतात. पावसाळ्यात उकिरड्यावर किंवा माळावर उगवणाऱ्या रानटी प्रकाराला आपण भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो. विदर्भात सात्या आणि टेकोडे ही नावं ऐकू येतात, तर गोव्यात पावसाळ्यातल्या अळम्यांची लोक वाट पाहत असतात.

ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. ती आहे बुरशी. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ती सूर्यप्रकाशापासून अन्न बनवत नाही. कुजणारा पालापाचोळा, लाकूड, शेण यांवर ती जगते. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे तिचं फळ. खरं शरीर आत, पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात पसरलेलं असतं.

‘मशरूम शाकाहारी की मांसाहारी?’ हा प्रश्न सोलापूरच्या अनेक घरांत अजूनही विचारला जातो. शास्त्राच्या दृष्टीने त्यात मांस नाही. पण जैन आणि इतर काही घरांत ते वर्ज्य मानतात. तो त्या घराच्या आचाराचा भाग झाला.

बुरशी कुजणाऱ्या वस्तूवर एकटी नसते. तिथे जिवाणू असतात, इतर बुरशी असतात, किडे असतात. त्यांच्याशी टक्कर देण्यासाठी ती नाना तऱ्हेची रसायनं तयार करते. त्यातली काही माणसाला उपयोगी पडतात आणि काही जीव घेतात. बुरशीची औषधं आणि बुरशीची विषं अशी एकाच कारखान्यातून निघतात. म्हणूनच ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य मशरूमच्या बाबतीत तर अजिबात चालत नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांत काय सांगितलंय?

जाहिरातींत ‘हजारो वर्षांपासून आयुर्वेदात’ असं सर्रास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आयुर्वेदाने अळिंबीबद्दल बरंच सावध मत दिलं आहे. चरकसंहितेत अन्नपानाच्या अध्यायात सर्पच्छत्रक हा प्रकार वर्ज्य करून बाकीच्या छत्रजाती थंड, गोड, पचायला जड आणि सर्दी-पडसं करणाऱ्या सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेत त्या कशावर उगवतात यावरून प्रकार पाडले आहेत: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या. म्हणजे अळिंबी त्यांना चांगली माहीत होती, पण ती प्रामुख्याने भाजीच्या यादीत होती. रेशी आणि कॉर्डिसेप्स यांचा गौरव झाला तो चिनी वैद्यकात.

आपल्याकडे लोकवैद्यकात मात्र एक अस्सल उदाहरण आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत फणस विरळाच, पण घाट उतरून कोकणात गेलं की फणसाच्या जुन्या खोडावर कधी कधी लाकडासारखी टणक, खुरासारखी वाढ दिसते. तिला ‘फणसोंबा’ म्हणतात. ती सहाणेवर पाण्यात उगाळून लेप करायचा, लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळत असेल किंवा हिरड्यांचा त्रास असेल तर लावायचा, अतिसारात द्यायचा, असे तिचे घरगुती वापर आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या बुरशीतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात या वापराची नोंद करून ही बुरशी फेलिनस या गटातली असल्याचं मांडलं. पुढे या गटातल्या बुरशींवर प्रयोगशाळेत बरंच काम झालं.

फणसोंब्याची ही गोष्ट आपल्याला पहिली पायरी दाखवते. लोक एखादी वस्तू पिढ्यानपिढ्या वापरतात, ही दखल घेण्यासारखी माहिती आहे. पण तिथून औषधापर्यंत जायला अजून बऱ्याच पायऱ्या असतात: वस्तू नेमकी कोणती, तिच्यातला कोणता घटक काम करतो, किती मात्रेत, कोणत्या आजारावर आणि कोणता अपाय करून.

बुरशीपासून आलेली खरी औषधं

या सगळ्या पायऱ्या चढून गेलेली औषधं आपल्या घरात आजही असतील.

पहिलं नाव पेनिसिलिनचं. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम बुरशीभोवतीचे जिवाणू मेलेले दिसले. ही छत्रीवाली अळिंबी नव्हे, भाकरीवर येणाऱ्या बुरशीच्या जातकुळीतली. पण बुरशीचं साम्राज्य एकच. त्या निरीक्षणापासून रुग्णाला टोचता येईल असं औषध तयार व्हायला दशकाहून अधिक काळ गेला. महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं.

दुसरं उदाहरण कोलेस्टेरॉलच्या गोळीचं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासल्या आणि पेनिसिलियमच्याच एका जातीत कोलेस्टेरॉल कमी करणारा पदार्थ शोधला. त्यातून स्टॅटिन या औषधगटाचा पाया घातला गेला. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीपासून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. हाच लोव्हास्टॅटिन धिंगरी अळिंबीतही, म्हणजे ऑयस्टर मशरूममध्ये, थोड्या प्रमाणात सापडतो. मग गोळीऐवजी धिंगरीची भाजी खाल्ली तर? तसं चालत नाही. भाजीतलं प्रमाण जातीप्रमाणे, ती कशावर वाढवली त्याप्रमाणे आणि शिजवण्याप्रमाणे बदलतं. गोळीत मात्र दर वेळी तेवढेच मिलिग्रॅम असतात. औषध म्हणजे मोजलेली, खात्रीची मात्रा.

तिसरं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं शरीर नवं मूत्रपिंड ‘परकं’ म्हणून नाकारू नये, यासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं जातं. तेही मातीतल्या एका बुरशीपासून मिळालं आणि ते प्रतिकारशक्ती *दाबतं*. बाजारात मात्र ‘मशरूम प्रतिकारशक्ती वाढवतं’ हे सरसकट वाक्य ऐकू येतं. बुरशीची हजारो रसायनं हजार तऱ्हांनी वागतात. सगळ्यांना एकच गुण चिकटवता येत नाही.

कर्करोगावर मशरूमचं औषध जपानमध्ये खरंच दिलं जायचं का?

हो, आणि अफवा पसरतात त्या याच अर्ध्या सत्याच्या आधारे.

मशरूमच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची लांब साखळीची शर्करा असते. आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी तिला ओळखतात, कारण बुरशीचा संसर्ग झाला की याच खुणेवरून तिचा माग काढायचा असतो. त्यामुळे बीटा-ग्लुकन पाहून या पेशी सावध होतात. हाच धागा धरून जपानने दोन औषधं तयार केली. एका रंगीत पट्ट्यांच्या लाकडी बुरशीपासून काढलेल्या क्रेस्टिनला १९७७ मध्ये, तर शिताके मशरूमपासून काढलेल्या लेंटिननला १९८५ मध्ये तिथे मान्यता मिळाली.

पण जाहिरातीत गाळल्या जाणाऱ्या तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, ती शुद्ध केलेली औषधं होती. शिताकेची भुकटी कोणी देत नव्हतं. लेंटिनन तर शिरेतून इंजेक्शनने द्यावं लागायचं. दोन, ती केमोथेरपी किंवा शस्त्रक्रियेच्या *जोडीला* दिली जायची, त्याऐवजी नव्हे. तीन, कर्करोगावरचे नवे उपचार येत गेले तशी ती मागे पडली आणि २०१० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्येही त्यांची विक्री थांबली.

रेशीचं काय? वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने कर्करोगातल्या रेशीच्या वापराचा आढावा २०१६ मध्ये अद्ययावत केला. त्यात बसणाऱ्या चाचण्या निघाल्या पाच, त्यांत रुग्ण मिळून ३७३. निष्कर्ष असा की कर्करोगाचा मुख्य उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा नाही. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काही रुग्णांत फायद्याचे संकेत दिसले, पण चाचण्या लहान होत्या आणि त्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता.

कर्करोगात वेळेला फार किंमत असते. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेली गाठ काढता येते. ‘आधी सहा महिने मशरूम घेऊन बघू’ म्हणत ते सहा महिने गेले, की ते परत मिळत नाहीत.

मग रेशीने साखर उतरते का?

हा काकांच्या डबीचा थेट प्रश्न. उंदरांवरच्या प्रयोगांत रेशीमुळे साखर कमी झाल्याचं दिसलं आहे आणि व्हिडिओंत दाखवतात ते तेच. माणसांवर काय झालं ते पाहूया. २०१६ साली ऑस्ट्रेलियात टाइप-२ मधुमेह आणि त्यासोबत वाढलेलं वजन, रक्तदाब असे त्रास असलेल्या ८४ जणांवर चाचणी झाली. काहींना रेशी, काहींना रेशी आणि कॉर्डिसेप्स, तर काहींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. मात्रा रोज ३ ग्रॅम, काळ १६ आठवडे. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. शेवटी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत आणि उपाशीपोटीच्या साखरेत, कॅप्सूल आणि रिकामी कॅप्सूल यांत फरक पडला नाही.

मग ‘मला फरक पडला’ असं सांगणारे लोक खोटं बोलतात का? बहुतेक वेळा नाही. महागडी डबी घेतलेला माणूस त्या महिन्यात चहातली साखर सोडतो, सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती चालायला लागतो आणि जेवणाकडेही लक्ष देतो. साखर उतरते. श्रेय डबीला मिळतं.

ताटातलं मशरूम: इथे मात्र फायदा खरा आहे

आता चांगली बाजू. भाजी म्हणून मशरूम उत्तम आहे. फक्त आकडे नीट वाचायला हवेत.

‘मशरूममध्ये ३० टक्के प्रथिनं’ हे वाक्य *वाळलेल्या* मशरूमबद्दल असतं. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं. दहा किलो ताजी धिंगरी वाळवली की जेमतेम एक किलो हाती येते. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत प्रथिनं सुमारे ३ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम. म्हणजे एका अंड्याची बरोबरी करायला दोनशे ग्रॅम धिंगरी खावी लागेल. तुरीच्या आमटीची आणि शेंगदाण्याच्या चटणीची जागा मशरूम घेणार नाही, पण त्यांच्या सोबतीला ते छान बसतं.

मधुमेह किंवा वजनाची काळजी असलेल्यांना मात्र त्याचा खरा उपयोग आहे. शंभर ग्रॅम धिंगरीत जेमतेम ३३ किलोकॅलरी असतात, तंतू दोन ग्रॅमच्या वर आणि पोटॅशियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. ज्वारीच्या भाकरीबरोबर बटाट्याच्या भाजीऐवजी मशरूमची भाजी घेतली तर पोट भरतं आणि साखर कमी चढते. त्यात जादू नाही, बटाट्यातला पिष्टमय भाग कमी झाला एवढंच. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं आणि रक्तात युरिक आम्ल जास्त असेल तरीही बेताने खावं लागतं. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

एक गोष्ट मात्र सोलापूरकरांसाठी जणू खास आहे: ड जीवनसत्त्व. भाज्यांत ते जवळजवळ नसतंच. पण मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. आपल्या कातडीत उन्हाने घडतं, साधारण तसंच. बंद खोलीत वाढलेल्या मशरूममध्ये ते नगण्य असतं. पण त्याच्या चकत्या करून भर दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं ते तासभर ठेवल्या, तर शंभर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त ड जीवनसत्त्व तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाची भारतीय शिफारस रोज १५ मायक्रोग्रॅमची आहे. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरी यंत्रमागावर, दुकानात, कार्यालयात दिवसभर आत बसणाऱ्यांच्या अंगाला ऊन लागत नाही. पापड-कुरडयांसारख्या मशरूमच्या चकत्याही गच्चीवर टाकायला हरकत नाही. पण तपासणीत ड जीवनसत्त्व फार कमी आलं असेल, तर डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्यावीच लागते.

बी-१२ साठी मात्र मशरूमवर विसंबू नका. ते त्यात नाममात्र असतं. आणि मशरूम कच्चं खाऊ नका. शिजवलं की पचतं आणि काही नकोसे घटकही कमी होतात.

घरी पिकवता येईल का?

येईल. औषध म्हणून डबी घेण्यापेक्षा भाजी म्हणून बेड लावणं केव्हाही परवडतं. लक्ष्मी मंडईत मिळणारं पांढरं बटण मशरूम थंडीतलं पीक आहे. वातानुकूलित खोल्यांशिवाय ते सोलापुरात जमत नाही. पण धिंगरी साधारण २० ते ३० अंशांत येते, म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा हंगाम. उन्हाळ्यात उकाडा सोसणारी दुधी अळिंबी घेता येते. तरी मे महिन्यातला सोलापूरचा पारा पाहता खोली गोणपाटाने आणि पाण्याने गार ठेवावीच लागते.

कडब्यावर धिंगरी चांगली येते, पण जनावरांच्या तोंडचा कडबा त्यात घालायला कोणी तयार होत नाही. त्याऐवजी सोयाबीनचं भुसकट, गव्हाचा भुसा किंवा उसाचं पाचट घ्यावं. बार्शीकडे भुसकट आणि ऊसपट्ट्यात पाचट भरपूर असतं. ते रात्रभर भिजवून साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर देत मध्ये बियाणं, म्हणजे स्पॉन, पेरायचं. पिशवीला भोकं पाडून ती अंधाऱ्या खोलीत दोन-अडीच आठवडे ठेवली की पांढरी बुरशी सगळीकडे पसरते. मग पिशवी कापून काढायची, उजेड-वारा द्यायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. आठवडाभरात पहिली तोडणी मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प चालतो. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करावी.

एक काळजी घ्या. धिंगरी उशिरा तोडली तर तिची बीजाणूंची भुकटी हवेत पसरते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. छत्रीची कडा वळायच्या आत तोडणी करा आणि खोलीत जाताना मास्क लावा.

पावसाळ्यातली छत्री: इथे प्रयोग नकोच

रानातली, लॉनवरची, उकिरड्यावरची छत्री औषधी म्हणून किंवा चवीसाठी तोडून खाणं जिवावर बेततं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी मशरूम खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक चहामळ्यांतले मजूर आणि त्यांची मुलं होती.

सर्वांत घातक विषाची चाल फसवी असते. खाल्ल्यावर सहा ते बारा तास किंवा त्याहूनही जास्त काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस दवाखान्यात जायचं टाळतो. आतून मात्र यकृत निकामी होत असतं. हे विष शिजवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्याने खाल्लेली छत्री चालते, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. पिढ्यानपिढ्या ओळख असलेले आदिवासी आणि कोकण-गोव्यातले जाणकार ठरावीक जागेवरची ठरावीक जात गोळा करतात. ती ओळख फोटो पाहून येत नाही.

कोणी खाल्लंच असेल आणि त्रास सुरू झाला, तर ‘बघू सकाळी’ म्हणू नका. उरलेलं मशरूम कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.

डबी हातात आली तर काय वाचाल?

आता पुन्हा टेबलावरच्या डबीकडे येऊ. ती उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

बहुतेक डब्यांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांक असतो. विक्रेता तो ‘सरकारमान्य’ म्हणून दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की हा पदार्थ *अन्न* म्हणून नोंदलेला आहे. आहारपूरक उत्पादनांवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे ‘औषधी वापरासाठी नाही’, असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. तोंडाने सांगितलेला दावा आणि डबीवर छापलेलं वाक्य एकमेकांच्या विरुद्ध असतात.

शिवाय १९५४ चा औषधे व जादूटोणादी उपाय कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार अशा ठरावीक आजारांवर इलाज करतो अशी जाहिरात करायला तो मनाई करतो. असा दावा लेखी किंवा व्हिडिओत केलेला आढळला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आणि तरीही घ्यायचंच असेल, तर या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, कारण रेशीमुळे रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. शस्त्रक्रिया ठरलेल्यांनीही डॉक्टरांना आधी सांगावं.
- मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे.
- यकृताचा त्रास असलेले. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.
- मूत्रपिंडाचे रुग्ण. चागा नावाच्या मशरूममध्ये ऑक्झलेट फार असतं आणि त्याची भुकटी दीर्घकाळ घेऊन मूत्रपिंड निकामी झाल्याचं उदाहरण जपानमध्ये नोंदलेलं आहे.
- अवयव प्रत्यारोपण झालेले. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, त्यांनी ती चेतवणारी वस्तू घेणं म्हणजे स्वतःच्याच उपचाराविरुद्ध जाणं.
- गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलं.

मग काकांना काय सांगायचं?

काकांशी भांडायची गरज नाही. बऱ्याचदा त्यांनीही कोणावर तरी विश्वास ठेवून ती डबी घेतलेली असते. त्यांना चहा द्या, डबीवरचं ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

वडिलांची गोळी मात्र चालूच राहू द्या. गोळ्यांचा कंटाळा आला असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. चालणं, जेवण आणि वजन यांनी साखर ताब्यात आली, तर डॉक्टर स्वतः गोळ्या कमी करतात. तपासणीचे आकडे पाहून ते ठरवतात, डबीवरचा फोटो पाहून नव्हे.

आणि डबीचे वाचलेले पैसे? पाव किलो धिंगरी आणा, गच्चीवर थोडं ऊन दाखवा, कांदा-लसणावर परता, वरून शेंगदाण्याचं कूट घाला आणि भाकरीबरोबर वाढा. मशरूमचा जेवढा उपकार घरच्या ताटात मिळतो, तेवढा तरी नक्की पदरात पडेल.